परक्या शब्दांची वाटी

समोरच्या इमारतीतली मुलगी सकाळपासून बाल्कनीत येरझाऱ्या घालते आहे. हातात पुस्तक, केसांत खोचलेलं पेन आणि तोंडाने अखंड पुटपुट. खाली काटेसावरीची लाल, जाडजूड फुलं गाड्यांच्या टपांवर धप्पकन पडताहेत. दिल्लीच्या मयूर विहारात मार्च आला हे कळायला कॅलेंडर लागत नाही. रजया उन्हात पडतात, पंखा लावायचा की नाही यावरून घरोघरी नवरा-बायकोत मतभेद होतात आणि ज्या घरात बारावी असते त्या घरातला टीव्ही मुका होतो. आमच्या घरात आता कुणाचीच परीक्षा नाही. तरी सावर फुलली की मी टीव्हीचा आवाज कमी करते, आणि तो नेमका कशासाठी हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

परीक्षा रूथची होती. रूथ आमची मुलगी, एकुलती एक. तिच्या बारावीच्या वर्षी शाळेने इंग्रजीच्या प्रकल्पाला तिला विषय दिला होता, इंग्रजीने जगभरातून उचललेले शब्द. बाकीची मुलं इंटरनेटवरून चार पानं काढून मोकळी झाली. आमची मात्र त्या विषयाच्या प्रेमातच पडली. फिजिक्सचं पुस्तक उघडं टाकून ही शब्दांच्या मागे. शाळेतून आली की बूट काढायच्या आधी सुरुवात. "मम्मी, यार, तुला माहितीये? विंडो आहे ना, तो असली इंग्लिश वर्डच नाहीये. जहाजांतून इंग्लंड लुटायला आले होते ना ते नॉर्वे-डेन्मार्कवाले, त्यांचा आहे. मीनिंग काय, तर हवेचा डोळा! सोच ना, हवेचा डोळा!" मी हातातलं लाटणं तसंच धरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहायचे. कित्येक महिने मी त्या खिडकीला जाळी बसवून घ्या म्हणून भुणभुण लावली होती. त्या दिवसापासून जाळीचं नाव काढवेना.

तिच्या बोलण्यात मराठी किती, हिंदी किती आणि इंग्रजी किती हे मोजायला बसलं तर माणूस वेडा होईल. दिल्लीत वाढलेली आमची मुलं अशीच बोलतात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. म्हणजे वाटायचं, पण ते कौतुक होतं की काळजी हे समजायचं नाही. नगरला माहेरी गेलो की माझी बहीण पोट धरून हसायची, "अगं, ही पोरगी कोशिंबिरीला रायता म्हणते!" मीही हसायचे. मग परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर उगीचच डोळे भरून यायचे.

विलासचं तसं नव्हतं. विलास माझा नवरा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. दिवसभर इंग्रजीत टिपणं लिहायची, साहेबाशी हिंदीत बोलायचं, मेट्रोतले धक्केही हिंदीतच खायचे. घरी येऊन पायातले बूट काढले की म्हणायचा, "चला, आता मी माणसांत आलो." त्याची मराठी त्याच्या आईची. सासूबाई गावच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायच्या. त्या गेल्या तेव्हा वाटणीत विलासने काही मागितलं नाही. त्यांच्या स्टीलच्या वाट्या तेवढ्या दिल्लीला आणल्या, कडेला ठिपक्याठिपक्यांनी 'शांताबाई साळवे' असं नाव घातलेल्या. आणि आणली त्यांची जेवणाआधीची प्रार्थना. "देवा, या ताटात तू वाढलंस, तुझे आभार. ज्यांच्या ताटात काही नाही, त्यांच्याकडेही फेरी मार." एवढीच. ती म्हणताना विलासचा आवाज बदलायचा. तो कचेरीतला आवाज नव्हे आणि मेट्रोतलाही नव्हे. लग्नानंतर सासरच्या पहिल्या जेवणाला मी तो ऐकला आणि मनात म्हटलं, बऱ्या माणसाच्या घरी पडलो आपण.

दिल्लीला आमचं गणित कधी सुटलंच नाही. आडनाव साळवे, मुलीचं नाव रूथ, घरात मराठी आणि रविवारी चर्च. "गोवा से हो?" "अच्छा, केरल?" "महाराष्ट्रियन हो तो गणपति नहीं बिठाते?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. एकदा कंटाळून 'हां जी, गोवा' म्हणून टाकलं, तर लिफ्टमधल्या त्या बाई पुढच्या सुट्टीत काजू आणायला सांगून मोकळ्या झाल्या. तेव्हा जगात गोंधळ फक्त माझ्याच डोक्यात आहे असं नाही, एवढं समाधान मिळालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. त्यात एक स्पर्धा असते. परका शब्द न वापरता बोलत राहायचं. परका शब्द आला की परीक्षक घंटी वाजवणार आणि तुम्ही बाद. दिल्लीतल्या मराठी माणसाला याहून अवघड परीक्षा नाही. कोणी 'नमस्कार मंडळी, आज मी टॉपिक...' म्हणता म्हणताच खाली उतरतो. त्या वर्षी परीक्षक विलास होता. घंटी वाजवून वाजवून तो घरी आला तो वेगळ्याच तारेत. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं, "आजपासून ताटावर मराठीच. परका शब्द पडला की ज्याने ऐकला त्याने चमच्याने वाटी वाजवायची."

पहिले काही दिवस मजाच आली. सगळ्यांत जास्त वाजली ती माझ्यावर. कुकर म्हटलं की टण्. फ्रिज म्हटलं की टण्. विलास म्हणाला, "शीतकपाट म्हण." मी म्हटलं, "तुझं शीतकपाट गेलं उडत, दही काढून आण." पप्पा आणि मम्मी या दोन शब्दांना मात्र माफी होती. ती का, हे कोणी विचारलं नाही.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की रूथच्या गोष्टी अर्ध्यावर राहताहेत. ती उत्साहाने ताटावर बसायची. "आज काय कळलं माहितीये? शॅम्पू आहे ना..." टण्. "अरे, सुनो तो..." टण्. "पप्पा, पॉइंट हा आहे की..." टण्. बिचारीची गोष्टच मुळी परक्या शब्दांची. ती परके शब्द न उच्चारता कशी सांगणार? विलास हसत होता, चिडवत होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिकडून एकेक वाक्य तुटत गेलं. पंधरवड्याच्या आत ती "भात वाढ" आणि "पुरे" एवढंच बोलायला लागली. "बघ, किती स्वच्छ बोलते आता," विलास मला कौतुकाने म्हणाला. मला ती स्वच्छता दवाखान्यातल्यासारखी वाटत होती. पण मी तसं बोलले नाही, कारण त्याचंही खोटं नव्हतं. भाषा अशीच जाते, एकेका रायत्याने, हे मलाही दिसत होतं.

होळीच्या आदल्या दिवशी रूथने डाव उलटवला. आता ती मराठीच्या मागे लागली होती. ताटावर बसली ती समोर वाटी पालथी घालून. विलास म्हणाला, "जरा लोणचं दे." टण्. "का? जरामध्ये काय आहे?" "फारसी आहे." "असं? मग बटाट्याची भाजी दे." टण्. "पोर्तुगीज." विलास हसायला लागला. "बादली?" "पोर्तुगीज." "चावी?" "ते पण." "माझा पगार तरी?" "सॉरी पप्पा, पगार पण." "हवा बदलली आहे आज घरातली!" टण्. माझं हसून हसून पोट दुखायला लागलं. विलासने हात जोडले आणि म्हणाला, "शाबास!" आणि त्यालाही टण्. रूथचे गाल लाल झाले होते. कितीतरी दिवसांनी ती भरभरून बोलत होती. "तुमचा चष्मा, तुमची खुर्ची, तो दरवाजा, सगळं बाहेरून आलंय पप्पा. आणि मला हाक मारलीत तरी वाजवायला हवं. रूथ कुठे मराठी आहे?" यावर विलास हसला खरा, पण ते हसू लवकर संपलं.

दुसऱ्या दिवशी होळीच्या रंगाचे कान-नाक घेऊन आम्ही जेवायला बसलो. विलासने डोळे मिटले, प्रार्थना म्हटली, आणि शेवटी नेहमीसारखं खाली मान घालून म्हणाला, "आमेन."

टण्.

तिने मुद्दाम वाजवली की सवयीने हात गेला, मला अजून माहीत नाही. तिलाही माहीत नसावं, कारण सगळ्यांत जास्त ती स्वतःच दचकली. आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, अगदी हळू म्हणाली, "हिब्रू आहे." विलास रागावला नाही. त्याने तिच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. कडेला त्याच्या आईचं नाव होतं. मग त्याने पोळी मोडली आणि जेवायला लागला.

त्या दिवसापासून वाटी वाजली नाही. आणि प्रार्थनाही ऐकू आली नाही. विलास डोळे मिटायचा, ओठ हलायचे, बस. ताटावर आता कुठलीही भाषा चालली असती, आणि कोणी कुठलीच बोलत नव्हतं. आमचा उपवासकाळ चालू होता, उत्तम शुक्रवारपर्यंतचा, म्हणजे गुड फ्रायडेपर्यंतचा. लोक त्यात गोड सोडतात, मटण सोडतात. आमच्याकडे बाप-लेकीने एकमेकांशी बोलणं सोडलं. परीक्षा तोंडावर आली होती, आणि परीक्षा झाली की रूथ पुण्याला कॉलेजात जाणार होती. ही दोघं अशीच मुकी राहिली आणि ती निघून गेली तर? मला त्या दिवसांत दुसरा विचारच सुचत नव्हता.

कस्तुरबा गांधी मार्गावर माझी कचेरी. दुपारच्या सुट्टीत मी बाहेर उन्हात चालायचे आणि डोक्यात रूथचे शब्द घोळायचे. ही इंग्रजी नक्की कोण आहे, दानशूर की दरोडेखोर? आधी तिच्या घरात नॉर्वेवाले घुसले, मग फ्रेंच घुसले. गोठ्यात गाय राहिली गावठी नावाची, काऊ, आणि साहेबाच्या ताटात गेली की तीच गाय बीफ असं फ्रेंच नाव लावायची. तरी ही बाई मेली नाही. उलट जाडजूड झाली. मग स्वतः जहाजं घेऊन निघाली आणि जिथे गेली तिथून शब्द उचलत गेली. लूट हा शब्दसुद्धा लुटून नेला. खाट नेली, जंगल नेलं, पायजमा नेला. आपलं मुंगूसही तिकडे जाऊन बसलंय, मराठीतून गेलंय म्हणे. ते कळलं त्या दिवशी रूथने मला मिठी मारली होती. आणि मी, त्या मुंगसाचा अभिमान धरावा की त्याची काळजी करावी, या विचारात मेट्रोने दोन स्टेशनं पुढे गेले होते.

आपल्यात शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. शब्दांचं तसं आहे का? आपली शर्करा किती दारं फिरली, अरबांकडे गेली, युरोपात गेली, आणि परत आली ती डॉक्टरच्या तोंडून. "साळवेजी, आपको शुगर है." ही वाटी भरून परत आली म्हणायची की रिकामी? आणि शब्द दिल्याने आपल्याकडचा कमी होत नाही, हे तर खरंच. मग माझ्या घरातले शब्द जातात कुठे? रूथला उंबरा माहीत नाही. तिन्हीसांजा माहीत नाहीत. पाहुणा आला म्हणून घरच्याने उठून जायचं असतं का? तिकडे इंग्रजीत पाहुणे आले आणि घर भरलं. इकडे पाहुणे आले आणि घर ओळखू येईना. का, ते मला कळत नाही. विलास बरोबर होता असं जाताना वाटायचं, आणि कचेरीच्या फाटकाशी येईपर्यंत रूथ बरोबर होती असं वाटायचं.

एका दुपारी गच्चीवर रजया उलटताना मी तिला विचारलं. ती रजईवर पालथी पडून केमिस्ट्री वाचत होती.

"पप्पांशी बोलत का नाहीस?"

"मम्मी, आय डिडंट मीन इट," ती म्हणाली. मग पुस्तकात तोंड घालून, "म्हणजे मीन केलं होतं. पण तेवढं नाही."

"मग तसं सांग ना त्यांना."

"कोणत्या लँग्वेजमध्ये सांगू?" आणि ती एकदम रडायलाच लागली. "सॉरी म्हटलं तर ते परत इंग्लिश. क्षमा तर चर्चमध्ये देवाला म्हणतात. मग पप्पांना काय म्हणायचं?"

"म्हण, चुकलं."

"पण पप्पा पण चुकले ना?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इतक्या भाषा आमच्या घरात, आणि त्यांतली एकही त्या पोरीच्या कामाला येत नव्हती. शेवटी रजई झटकली आणि म्हटलं, "चल, चहा करते." चहाही चिनी आहे, हे तिने सांगितलं नाही.

आमच्याकडे परीक्षेला निघताना बापाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची रीत आहे. पहिला पेपर इंग्रजीचाच होता. रूथ दारात उभी, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. विलास कचेरीच्या कपड्यांत बाहेर आला. मला वाटलं, आज तरी. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले. आवाज नाही. रूथने मान खाली घातली आणि वाट बघत राहिली. प्रार्थना संपली हे 'आमेन'वरून कळतं, आणि ते येईना. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, खाली गेली. संपली की नाही हे तिला कळत नव्हतं आणि संपवायची कशी हे त्याला. शेवटी विलासने हात काढला आणि म्हणाला, "ऑल द बेस्ट, बेटा." आणि ती म्हणाली, "थँक यू, पप्पा."

मी मागे दाराला धरून उभी होते. एक वाक्य इंग्रजी-हिंदी, एक इंग्रजी. मराठीचा पत्ता नाही. पण निदान बोलले तरी, असं वाटून मला हायसं वाटलं. आणि लगेच, परक्याच्या भाषेत बोलून सुटले, असं वाटून वाईट वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं हे मी तेव्हापासून शोधते आहे.

पेपर चांगले गेले. रूथ पुण्याला गेली. तिथे रिक्षावाला तिच्या मराठीला हिंदीतून उत्तर द्यायचा, मैत्रिणी म्हणायच्या, "तू हिंदीच बोल, क्यूट वाटतं." आता तिथेच नोकरीला आहे, आणि फोनवर "भारीये" आणि "कसलं गं" म्हणते. ही मराठी आमची नव्हे, पुण्याची, तीही आजकालच्या पुण्याची. बापाशी बोलते, नाही असं नाही. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." "तब्येत?" "ठीक." मग फोन माझ्याकडे. ती गेली त्याच सुमाराला शांताबाईंची एक वाटी कमी झाली. मी घरभर शोधली. चर्चच्या जेवणावळीत गेली असणार म्हणून सोडून दिली. विलासची प्रार्थना मात्र ओठांतच राहिली. ती कधी संपते हे मला त्याचा हात पोळीकडे गेला की समजायचं, आणि मी मनातल्या मनात अंदाजाने आमेन म्हणायचे.

परवा रविवारी आम्ही जेवायला बसलो आणि रूथचा व्हिडिओ कॉल आला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. तिकडे तिच्याही समोर ताट होतं. वरण-भात, पापड. नेट अडखळत होतं, तिचा चेहरा मधूनच थिजायचा.

"पप्पा," ती म्हणाली, "आज प्रार्थना म्हणा ना. मोठ्याने."

विलासने पोळीकडे नेलेला हात मागे घेतला.

"इथे मी एकटीच जेवते ना. एकटीने म्हटली की ती फार पटकन संपते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून बाजूला ठेवला. मी डोळे मिटले. "देवा, या ताटात तू वाढलंस..." तोच आवाज. जरा म्हातारा झालेला, मधे एकदा अडकला, पण तोच. ज्यांच्या ताटात काही नाही त्यांच्याकडे फेरी मारून झाली. "आमेन," विलास म्हणाला.

तिकडून काही नाही. मी डोळे उघडले तर पडद्यावर रूथ डोळे मिटलेली, तशीच थिजलेली. नेट गेलं असं वाटून मी फोनकडे हात नेला, तेवढ्यात तिचा आवाज आला. "आमेन." ते मराठी होतं, हिब्रू होतं की शाळेतलं इंग्रजी, मला सांगता येणार नाही.

आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी हलकेच, टण्.

ही थट्टा, ही माफी, की ही आमच्या जुन्या भांडणाची आठवण? मला काहीच उमगेना. विलास हसला नाही, रागावलाही नाही. तांब्याकडे झुकला, फोनला कान लावल्यासारखा.

"पुन्हा वाजव बघू," तो म्हणाला.

टण्.

"ही आईची वाटी आहे," विलास मला म्हणाला. "हिच्याकडे आहे."